विश्लेषण : पुस्तके वाचून, अनुभव ऐकून ‘ट्रेडिंग’ शिकता येते का?

सकाळी सव्वानऊच्या आधी ब्रोकरचे ॲप उघडले की आधी एक चौकट समोर येते. इक्विटी ‘एफ अँड ओ’मध्ये दर दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात जातात, असा तिचा आशय. ‘सेबी’ने जुलै २०२३ पासून ही सूचना दाखवणे ब्रोकरांना बंधनकारक केले. ती पूर्ण वाचली जाण्याआधीच अंगठा ती बाजूला सारतो. कारण प्रत्येकाची समजूत एकच असते : ते नऊ जण न शिकता आले होते, आपण शिकून आलो आहोत.

हे ‘शिकणे’ बहुतेकांचे सारखेच असते. दोन-तीन गाजलेली पुस्तके, शनिवार-रविवारचा एखादा क्लास, टेलिग्रामवरचा ग्रुप आणि ऑफिसातला एखादा ‘मुरलेला’ सहकारी. त्यानंतर पैसे गेले तर त्यालाही एक ठरलेला शब्द आहे. ‘लॉस नाही झाला, बाजाराला फी भरली.’ फी भरली म्हणजे शिक्षण झाले, असे यात गृहीत धरलेले असते. पण काही मिनिटांत किंवा काही दिवसांत सौदा पूर्ण करणाऱ्या शॉर्ट-टर्म ट्रेडिंगचे शिक्षण असे होते का? उपलब्ध पुरावा पाहिला तर उत्तर बरेच अस्वस्थ करणारे आहे.

आकडे काय सांगतात?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये व्यवहार केलेल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. तिन्ही वर्षांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता १ लाख रुपयांपेक्षा जास्त कमावणारे अवघे १ टक्का. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के तोट्यातच राहिले आणि एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे गेला.

एफ अँड ओ नको, साधे इंट्राडे करू, असे म्हणणाऱ्यांसाठी जुलै २०२४ चा वेगळा अभ्यास आहे. २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्यांपैकी दहातील सात जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होते. वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत ते ८० टक्क्यांवर गेले.

हा शेवटचा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘सरावाने हात बसतो’ हे खरे असते, तर सर्वांत जास्त सौदे करणारे सर्वांत कमी बुडायला हवे होते. झाले उलटे.

आणखी एक बाब. एफ अँड ओ करणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी असल्याचे नोंदवले आहे. ७० टक्क्यांहून अधिक ट्रेडर हे पहिल्या ३० मोठ्या शहरांच्या बाहेरचे आहेत. राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र आघाडीवर. सरासरी दोन लाखांचा तोटा या उत्पन्नाशेजारी ठेवून पाहिला की ‘फी’ हा शब्द किती महाग आहे ते कळते.

अनुभवाने माणूस सुधारत नाही का?

या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर ब्राझीलमधून आले. तेथील तीन अर्थतज्ज्ञांनी २०१३ ते २०१५ या काळात निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग सुरू केलेल्या सगळ्या व्यक्तींचा माग काढला. नमुना नव्हे, सगळ्या. बहुतेकांनी लवकरच हात टेकले. पण ३०० हून अधिक दिवस नेटाने ट्रेडिंग करत राहिलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. ब्राझीलच्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे १.१ टक्का. दिवस वाढले तशी कामगिरी सुधारत गेली, असेही आढळले नाही.

तैवानमध्ये १९९२ ते २००६ या पंधरा वर्षांचे सर्व व्यवहार तपासले गेले. तेथे खर्च वजा जाऊन सातत्याने नफा कमावणारे डे-ट्रेडर निघाले, हे नाकारता येत नाही. त्यांचे प्रमाण मात्र १ टक्क्याहून कमी होते. म्हणजे हे कौशल्य अस्तित्वात आहे, पण ते दुर्मीळ आहे. आणि एखाद्याकडे ते नसेल तर केवळ टिकून राहिल्याने ते येते, याला आधार सापडत नाही.

याचे एक साधे कारण आहे. गाडी चालवायला शिकताना चूक झाली की लगेच कळते. बाजारात तसे नसते. चुकीचा सौदा नफा देऊन जातो, बरोबर सौदा तोटा. नाणे उडवून दहा सौदे केले तरी त्यांतले सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे काहीही न येणाऱ्या दर सहा नवशिक्यांपैकी एकाला आपल्या पहिल्याच दहा सौद्यांत ‘आपल्याला हे जमते’ असा साक्षात्कार होतो. उरलेल्या पाच जणांना तो आपला अनुभव सांगतो, ही पुढची गोष्ट.

पुस्तकातला ‘सेटअप’ बाजारात का चालत नाही?

ट्रेडिंगच्या पुस्तकांची परंपरा जुनी आहे आणि त्यांतली काही उत्तमही आहेत. वादाचा मुद्दा पुस्तके वाईट असण्याचा नाही. त्यांतून काय उचलले जाते, याचा आहे.

एडविन लेफेव्हर यांचे ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर’ हे पुस्तक १९२३ चे. जेसी लिव्हरमोर या अमेरिकी सट्टेबाजाच्या आयुष्यावर बेतलेले. शंभर वर्षे झाली तरी नव्या ट्रेडरला आधी हेच वाचायला सांगितले जाते. पण पुस्तक १९२३ ला संपले, लिव्हरमोर संपले नव्हते. १९२९ च्या कोसळणाऱ्या बाजारात त्यांनी प्रचंड पैसा कमावला, १९३४ मध्ये ते पुन्हा दिवाळखोर झाले आणि १९४० मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी त्यांचे स्वतःचे पुस्तक बाजारात आले होते. शेअर बाजारात कसे व्यवहार करावेत, हाच त्याचा विषय.

दुसरे उदाहरण कॅन्डलस्टिकचे. मराठीतल्या कोणत्याही क्लासचा पहिला तास ‘डोजी’ आणि ‘हॅमर’वर जातो. अठराव्या शतकातल्या जपानी तांदूळ व्यापाऱ्यांशी नाते सांगणारी ही पद्धत स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकाने इंग्रजी वाचणाऱ्या जगात पोहोचवली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातील शेअरवर १९९२ ते २००२ या दशकातल्या भावांच्या आधारे या आकृत्या तपासल्या गेल्या. केवळ त्यांच्या जोरावर केलेल्या सौद्यांतून फायदा होत असल्याचे दिसले नाही. मेणबत्त्या भाव कसा हलला हे छान दाखवतात. पुढे कुठे जाईल हे त्या सांगतील, ही अपेक्षा वाचणाऱ्याची असते.

असे का होते, याचा उलगडा २०१६ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने बऱ्याच अंशी केला. मॅक्लीन आणि पोंटिफ या दोघांनी शेअरच्या परताव्याचा अंदाज देणारे, शोधनिबंधांतून जाहीर झालेले ९७ घटक घेतले. हे घटक जाहीर झाल्यानंतर त्यांतून मिळणारा जादा परतावा सरासरी ५८ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. हे डे-ट्रेडिंगचे नमुने नव्हते. तर्क मात्र तोच लागू पडतो. जी युक्ती सर्वांना माहीत झाली, तिच्यातला फायदा सर्वांत वाटला जातो. आणि जिथे सौद्यामागचा फायदाच काही पैशांचा असतो, तिथे वाटून उरतेच काय?

भारतात तर युक्ती जुनी व्हायच्या आधी नियमच बदलतात. दोन-तीन वर्षांपूर्वी बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीवर बेतलेल्या ‘स्ट्रॅटेजी’ शिकवणारे क्लास गल्लोगल्ली होते. सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीची साप्ताहिक काँट्रॅक्ट बंद झाली. लॉटचे किमान मूल्य ५ लाखांवरून १५ लाखांवर गेले. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारऐवजी मंगळवारी आली. हजारो रुपये भरून घेतलेल्या नोट्स रद्दीत गेल्या. फी परत मिळाल्याचे कोणी ऐकले नसेल.

‘टर्टल’ प्रयोगात नेमके काय झाले होते?

ट्रेडिंग शिकवता येते, असे म्हणणारे एक उदाहरण हमखास देतात. शिकागोतील ट्रेडर रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांच्यात याच प्रश्नावर वाद झाला. डेनिस म्हणाले, शिकवता येते. १९८३ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन त्यांनी काही जण निवडले, सुमारे दोन आठवडे शिकवले आणि व्यवहार करायला बसवले. हेच ते ‘टर्टल’. पुढील काही वर्षांत त्यांच्यातील अनेकांनी भरपूर पैसा कमावला.

ही हकीकत खरी आहे. ती सांगताना वगळल्या जाणाऱ्या गोष्टीही तितक्याच खऱ्या आहेत. एक तर ही पद्धत इंट्राडेची नव्हती. २० आणि ५५ दिवसांचा उच्चांक मोडल्यावर खरेदी करून कल टिकेपर्यंत, अनेकदा आठवडे-महिने, थांबण्याची होती. भांडवल डेनिस यांचे होते. शिकणाऱ्याच्या घरचा हप्ता त्यावर अवलंबून नव्हता. किती घ्यायचे, कधी बाहेर पडायचे याचे नियम काटेकोर होते. तरीही एकाच वर्गात, एकच नियम शिकलेल्या या सर्वांचे निकाल सारखे आले नाहीत. काहींना मध्येच बाहेर पडावे लागले. खुद्द डेनिस यांनाही १९८७-८८ च्या सुमारास मोठा तोटा सोसून लोकांचा पैसा सांभाळणारे फंड बंद करावे लागले.

पुढे हे नियम पुस्तकांत आले, इंटरनेटवर मोफत फिरले. ते वाचून ‘टर्टल’ झालेल्यांची रांग काही लागली नाही. नियम कळणे वेगळे आणि सलग सात-आठ वेळा तोटा झाल्यावर नववा सौदा त्याच नियमाने करणे वेगळे. मराठीत याला फार नेमका वाक्प्रचार आहे : कळते, पण वळत नाही.

दुसऱ्याचा अनुभव कितपत खरा?

समजा एका ग्रुपमध्ये १००० जण आहेत आणि कोणालाच काही येत नाही. महिना नफ्यात जाण्याची शक्यता प्रत्येकाला निम्मी. सहा महिन्यांनंतर यांतले १५-१६ जण सलग सहाही महिने नफ्यात असतील, निव्वळ नशिबाने. ग्रुपवर स्क्रीनशॉट कोण टाकेल? क्लास कोण काढेल? उरलेल्यांपैकी बरेच जण गप्प बसतील, काही ग्रुप सोडतील. ट्रेडिंग सोडून दिलेल्या माणसाचे व्याख्यान कोणी ठेवत नाही. खरे तर ऐकावे असे बरेच काही त्याच्याकडेच असते.

त्यात स्क्रीनशॉट एका सौद्याचा असतो, वर्षाचा नसतो. नफ्याच्या सौद्याचा असतो. आणि खर्च वजा जाण्यापूर्वीचा असतो. खोटे एकही न बोलता पूर्ण दिशाभूल करण्याची ही उत्तम सोय.

‘अनुभवाचे बोल’ आणि धंदा यांच्यातली रेषा पुसट झाल्यामुळेच सेबीला मध्ये पडावे लागले. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार, केवळ शिक्षण देतो असे म्हणणाऱ्यांना मागील तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलता येणार नाही, असे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये तर महाराष्ट्रातील एका ट्रेडिंग प्रशिक्षण संस्थेविरुद्ध ५४६ कोटी रुपये जप्तीचा आदेश निघाला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी नसताना खरेदी-विक्रीचे सल्ले दिले गेले आणि निवडक नफ्याचे सौदे दाखवले गेले, असे सेबीचे प्रथमदर्शनी म्हणणे आहे. आदेश अंतरिम आहे, अंतिम निकाल नव्हे. पण ५४६ कोटी हा आकडा एक गोष्ट स्पष्ट करतो : ट्रेडिंग शिकवण्याच्या धंद्यात उत्पन्न आहे.

समोरच्या बाजूला कोण आहे, हेही क्वचितच सांगितले जाते. २०२३-२४ मध्ये एफ अँड ओत ब्रोकर संस्थांच्या स्वतःच्या ट्रेडिंग विभागांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये खर्चापूर्वी कमावले. त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक नफा अल्गोरिदमचा. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर ब्रेकआउट शोधणाऱ्याची गाठ या यंत्रांशी असते.

खर्चाचे गणित पुस्तकात का नसते?

बहुतेक गाजलेली पुस्तके अमेरिकी आहेत, म्हणून भारतातले कर आणि शुल्क त्यांत असणे शक्यच नाही. आणि शॉर्ट-टर्म ट्रेडिंगमध्ये निकाल नेमका तिथेच लागतो.

खिशातले २० हजार रुपये आणि पाचपट मार्जिन घेऊन १ लाखाचा इंट्राडे सौदा केला, असे धरू. येताना-जाताना प्रत्येकी २० रुपये दलाली, विक्रीवर २५ रुपये एसटीटी, शिवाय एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी, मुद्रांक. सगळे मिळून साधारण ८० रुपये. शेअर ५०० रुपयांचा असेल तर भाव ४० पैसे वर जाईपर्यंत हाती शून्य. ८० रुपये क्षुल्लक वाटतात. दिवसाला दोन सौदे, वर्षाचे २४० दिवस, म्हणजे ३८ हजार ४०० रुपये. मूळ २० हजारांच्या जवळपास दुप्पट! अंदाज निम्म्या वेळा बरोबर आले आणि नफा-तोटा समान राहिला, तरी खाते सहा-सात महिन्यांत रिकामे.

सेबीच्या इंट्राडे अभ्यासातही हेच दिसते. तोट्यातल्या ट्रेडरनी तोट्याच्या रकमेच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम खर्चापोटी मोजली. कराचे तर वेगळेच. इंट्राडे किंवा एफ अँड ओचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही, हे अनेकांना मार्च उलटल्यावर सीएकडून कळते.

मग वाचायचे काय, ऐकायचे कोणाचे?

पुस्तकांत कमावण्याची किल्ली शोधणे सोडले, तर त्यांत घेण्यासारखे पुष्कळ आहे. अलेक्झांडर एल्डर यांचा एका सौद्यात भांडवलाच्या २ टक्क्यांहून अधिक धोका न घेण्याचा नियम घ्या. निम्मे भांडवल गेले तर मूळ पदावर यायला १०० टक्के परतावा लागतो, हे गणित त्यामागे आहे. ते जुने होत नाही, कारण ते कोणाशी स्पर्धा करून मिळवायचे नाही. तोटा धरून ठेवायचा आणि नफा घाईने विकायचा, ही माणसाची खोड संशोधकांनी चाळीस वर्षांपूर्वी मांडली; तीही वाचायला हवी. जॅक श्वेगर यांच्या १९८९ च्या ‘मार्केट विझार्ड्स’मधल्या मुलाखतीही वाचाव्यात. त्यातल्या यशस्वी ट्रेडरच्या पद्धती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. त्यामुळे पद्धत उचलण्यात अर्थ नाही. पण आपण कधी बुडालो याबद्दल ते जे सांगतात, ते एकमेकांशी बरेच जुळते.

ऐकण्याबाबत कसोटी याहून सोपी आहे. सांगणाऱ्याने पूर्ण वर्षाचे, सर्व सौद्यांचे आणि खर्चासह विवरण दाखवावे. एका दिवसाचे नको, एका शेअरचे नको. जो ते दाखवायला कचरतो, त्याच्याकडून गप्पा ऐकाव्यात, शिकवणी घेऊ नये. ओळखीतला एखादा दोन वर्षे ट्रेडिंग करून थांबला असेल, तर त्याच्यासोबतचा एक चहा क्लासपेक्षा जास्त देऊन जाईल. कधी थांबलो, किती गेल्यावर थांबलो आणि आधी का थांबलो नाही, हे तोच सांगू शकतो.

तरीही उतरायचेच असेल तर ‘फी’ या शब्दाला त्याचा खरा अर्थ द्यावा लागेल. फी ठरलेली असते आणि अभ्यासक्रमाला शेवट असतो. गेले तर घरात कोणाला सांगावे लागणार नाही, एवढीच रक्कम आणि सहा महिने किंवा वर्षाची मुदत, दोन्ही आधी लिहून ठेवायची. सेबीच्या अभ्यासात सलग दोन वर्षे तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जण तिसऱ्या वर्षीही ट्रेडिंग करत राहिले. त्यांना कोणी थांबायचे कधी ते सांगितले नव्हते, की सांगूनही त्यांनी ऐकले नाही, हे आकड्यांवरून कळत नाही.

आणि सर्वांत आधी वाचायचा मजकूर मोफत आहे. बहुतेक ब्रोकरच्या ॲपमध्ये ‘रिपोर्ट्स’खाली वर्षाचे नफा-तोटा विवरण मिळते, पहिल्या सौद्यापासून आजपर्यंतचे. तिथे शुल्कांची बेरीजही असते. डाऊनलोड व्हायला मिनिटभर लागते.